तीन घोट

फोन आला तेव्हा मापवालीच्या तोंडात चार टाचण्या होत्या आणि समोर स्टुलावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या पँटीचा एक पाय मुडपून झाला होता, दुसरा व्हायचा होता. गल्लीत लहानथोर सगळे तिला मापवालीच म्हणत. टेप गळ्यात असायची ती नुसती शोभेला. माप ती डोळ्यांनी घ्यायची, आणि तीस वर्षांत तिचा डोळा अर्ध्या बोटाने चुकला असं म्हणणारा अजून जन्मायचा होता. शाळेत ती जेमतेम दोन इयत्ता गेलेली, पण आकड्यांशी तिचं कधी वाकडं नव्हतं. आकडे म्हणजे टेपवरच्या रेघा, आणि रेघ सरळ असते, अक्षरासारखी वळणं घेऊन माणसाला फसवत नाही. तोंडात टाचण्या ठेवून बोलायची तिला सवय होती, गिऱ्हाइकांना ती तशीच झापायची, म्हणून टाचण्यांसकट तिने फोन कानाला लावला. पलीकडे शिबिरातल्या बाई हसत बोलत होत्या. काळजीचं काही नाही आजी, ठिपकी मजेत आहे, साखर आटोक्यात आहे, सकाळी सगळ्यांबरोबर टेकडी चढून आली. विचारायचं एवढंच होतं, की तिच्या सामानात तुम्ही काही खाऊबिऊ घातलाय का? "कारण पोरीच्या अंथरुणाला मुंग्या लागल्यात हो. रांगच्या रांग. पोरं नुसती बघायला गर्दी करतायत."

एक टाचणी जिभेत घुसली. रक्ताची चव आली, गंजक्या नळासारखी. "नाही," मापवाली म्हणाली. "मी कशाला काय घालू?" आणि फोन ठेवला. हे सरळसरळ खोटं होतं, पण त्या घटकेला ते खोटं आहे हेही तिला आठवलं नाही. तिला फक्त अंथरूण दिसलं, आणि ते ठिपकीचं नव्हतं. स्टुलावरचा गृहस्थ विचारत होता, आजी, दुसरा पाय? "दोन दिवस एका पायाने लांब घाल, मरत नाहीस," ती म्हणाली, त्याला पँटीसकट रस्त्यावर काढलं, दुकानाचं शटर ओढलं, आणि मग पुन्हा अर्धं उचलून आतून मोठी कापडी पिशवी काढून आणली. रिकामी. पोरीचे पाच झगे, दोन चपला, टॉवेल, सगळं मावेल अशी. घेऊनच यायचं. बास झालं शिबिर.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. पिशवीची घडी मांडीवर घट्ट धरून ती बसली आणि सुनेशी भांडू लागली, मनातल्या मनात, कारण सून यावेळी तिच्या कचेरीत होती आणि मनातली सून उलटून बोलली तरी तिला गप्प करता येत असे. शिबिराचं खूळ सुनेचंच. नात ठिपकी नऊ वर्षांची. सहाव्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला, पोरांना होतो तो, ज्यात अंगात इन्सुलिन तयारच होत नाही आणि दिवसातून चार वेळा सुई घेतली नाही तर माणूस राहत नाही. सून आणि पोरगा दोघंही सकाळी बाहेर पडणारे. तेव्हा सुई कोणी द्यायची यावर तीन दिवस घरात खल झाला आणि चौथ्या दिवशी मापवालीने सिरिंज हातात घेतली, उजेडाकडे धरली, रेघा पाहिल्या आणि म्हणाली, ही तर माझी टेप आहे, बारकी. त्या दिवसापासून तीन वर्षं तिच्या हातून एक सुई चुकली नाही. शाळा सुटली की ठिपकी दुकानात यायची, कपडे घालून बघायच्या त्या एवढ्याशा खोलीत दोघी शिरायच्या, मापवाली पडदा ओढायची, पोर झगा वर करायची, सुई जायची, दहा अंक मोजायचे, सुई काढायची, मग पडदा उघडायचा. पोरीच्या तोंडून कधी हूं नाही की चूं नाही. आणि एवढं असून सून म्हणते कशी, "आई, तुमचा हात हलका आहे, मान्य. पण जन्मभर ती तुमच्याच हातून सुई घेणार आहे का?" "मी एवढ्यात मरत नाही." "तुम्ही मरायचं कोण म्हणतंय? तिला जगायचंय, त्याचं बोलतेय मी. तिकडे तिच्यासारखी चाळीस मुलं असतात. एकमेकांचं बघून शिकतात. इथे ती एकटीच आहे, पडद्यामागे." शेवटचे दोन शब्द सून हळू बोलली होती, पण टाचणी हळू टोचली म्हणून टोचायची राहते का? पोरगा पेपरात तोंड घालून बसला होता. तो लहानपणापासून असाच. दोन बायकांच्या मधे पेपर धरायची त्याची जुनी रीत.

मग मापवालीने कुणाला न सांगता आपल्या परीने बंदोबस्त केला. परक्या माणसांचा भरवसा काय? उंडारताना पोरीची साखर एकदम उतरली, हातपाय कापायला लागले, आणि तेव्हा जवळ कुणी नसलं तर? शिबिराच्या आदल्या दुपारी दुकान बंद ठेवून तिने पोरीचे पाचही झगे उसवले, खालच्या दुमडीत साखरेचे चौकोनी खडे कागदात गुंडाळून बोटाबोटाच्या अंतरावर बसवले, आणि वरून अशी तुरपाई केली की दुसऱ्या शिंप्यालाही कळू नये. ठिपकीला तेवढं कानात सांगितलं. "लागलं तर फाड आणि खा. कुणाला विचारायचं नाही." ठिपकी म्हणाली, "आजी, तिकडे गोळ्या देतात." "देऊ देत. ही माझी."

म्हणजे मुंग्या का लागल्या ते तिला ठाऊक होतं. झगा भिजला असणार, साखर विरघळली असणार. हे ती बस सुटल्यापासून स्वतःला सांगत होती, गिऱ्हाइकाला समजवावं तसं, शांतपणे, पुन्हा पुन्हा. पण अंगाला कोण समजावणार? अंग नऊ वर्षांचं झालं होतं. गळ्यातली टेप काढून ठेवायची घाईत राहिली होती, तिचं पितळी टोक छातीला गार लागत होतं, आणि तिथेच, त्याच जागी, एके काळी सुतळीला बांधलेली एक किल्ली लागत असे.

धाकटी बहीण तेव्हा सहा वर्षांची होती. आई लोकांचे कपडे धुवायला जायची, येताना हात पांढरे आणि सुरकुतलेले, आणि घरी येऊन बघावं तर धाकटीची गादी ओली. एकदा, दोनदा, रोज. एवढी घोडी झाली तरी गादी ओली करते! पिंपातून पेल्यामागून पेला पाणी पिते आणि गादी ओली करते. मग एके दिवशी गादीला मुंग्या लागल्या. काळ्या, बारीक, रांगच्या रांग, गादीवरून धाकटीच्या वाळत घातलेल्या चड्डीपर्यंत. आईने ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: पोर साखर चोरते. चोरते आणि कपड्यांत लपवते. साखरेचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर गेला. धाकटीला मार बसला. तिने साखरेला हात लावला नाही असं ती रडून सांगत होती आणि मुंग्या तिला खोटं पाडत होत्या. तरी गादी ओलीच. शेवटी आईने पिंपाच्या झाकणाला कडी मारून कुलूप घातलं, किल्ली सुतळीत ओवून नऊ वर्षांच्या थोरलीच्या गळ्यात बांधली आणि सांगितलं, दिवसातून तीन वेळा, दर वेळी तीन घोट. तू मोजायचे. थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही सोपवलं होतं. तिची मान ताठ झाली. ती पेला धरायची आणि धाकटीच्या गळ्याकडे बघून मोजायची. एक. दोन. तीन. पेला काढून घ्यायची. धाकटीचे ओठ पेल्याच्या मागून येत, हवेत.

कडक होती ती. कुणी म्हणायला नको की थोरलीने ढिलाई केली. धाकटी आईच्या साबणाच्या बादलीतलं पाणी ओंजळीने पिताना सापडली, तेव्हा ते थोरलीनेच संध्याकाळी आईला सांगितलं. धाकटी वाळत चालली, झगा अंगावर नुसता टांगल्यासारखा; थोरलीने तो दोन्ही बाजूंनी आत घेतला, आठ दिवसांनी पुन्हा घेतला. तिचं पहिलं शिवणकाम ते. माप अगदी बरोबर आलं होतं. पुढे धाकटीच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळांचा वास यायला लागला. आई म्हणाली, बघ, कुठून तरी फळं चोरून खाते. एका दुपारी आई कामावर असताना धाकटी खाटेवरून नुसते डोळे उघडून म्हणाली, "ताई, आज चार मोज ना." थोरलीने पेला धरला. एक. दोन. तीन. पेला काढून घेतला. संध्याकाळी आई आली तेव्हा गादी कोरडी होती.

पुढे पन्नासवर वर्षं गेली. लग्न झालं, पोरगा झाला, नवरा गेला, मशीन आलं, दुकान झालं. त्या दुपारचं ती कुणाशी बोलली नाही. बोलण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं, पोरं मरत तेव्हा. एकच खोड राहिली. समोर कुणी पाणी पिऊ लागलं की ती घोट मोजायची. नवऱ्याचे मोजले, पोराचे मोजले, पोरगी बघायला गेली तेव्हा सुनेचे मोजले. मग ठिपकी आजारी पडली, आणि दवाखान्यातला तरुण डॉक्टर सुनेला विचारू लागला: तहान फार लागत होती का? लघवीला सारखी जात होती? वजन उतरलं? श्वासाला फळासारखा वास? आणि वर गंमत म्हणून सांगितलं, जुन्या काळी तर लघवीला लागलेल्या मुंग्यांवरून हा आजार ओळखायचे. सून रडत होती, पोरगा तिच्या खांद्यावर हात ठेवून होता, म्हणून कोपऱ्यातल्या म्हातारीकडे कुणी पाहिलं नाही. ती उठली, बाहेर हात धुवायच्या जागी गेली आणि तिने नळ सोडला. पूर्ण सोडला. पाणी वाहून जाताना बघत ती उभी राहिली, एक आया येऊन "अहो आजी, पाणी फुकट घालवताय" म्हणेपर्यंत.

बसने तिला फाट्यावर उतरवलं. तिथून चढाची वाट, दोन्हीकडे झाडं, मग एक लांबट शाळेसारखी इमारत, पुढे रुंद ओसरी. दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती. मैदानात पोरं ओरडत, ढकलाढकली करत हात धुवायच्या रांगेत उभी होती, आणि मापवालीची नजर सवयीने त्यांच्या कपड्यांवर गेली: कमरेला सगळ्यांच्या एकेक पट्टा आणि त्याला छोटी पिशवी. त्यातून गोळ्या काढून एक दातपडका पोरगा दुसऱ्याला भरवत होता. "खा लवकर, पासष्ट आहेस तू!" "गप रे, माझी काल एकदा त्रेपन्न झाली होती." "हॅट, माझी पंचेचाळीस. बाईंना विचार." सोंगट्यांचे डाव जिंकल्यासारखी ती आपापल्या साखरेचे आकडे मिरवत होती. एक उंच पोरगी पोटावरचे सुईचे ठिपके दाखवत होती आणि बाकीच्या दोघी आपले मोजून त्याहून जास्त भरतात का ते बघत होत्या. भर मैदानात. पडदा नाही, आडोसा नाही. मापवालीला आधी लाजच वाटली, कुणाची ते कळेना.

फोनवरचं हसू तिला पायरीवरच भेटलं. बाई साठीला टेकलेल्या होत्या, केस सगळे पांढरे, बांधा आडवा, झंपर खांद्यावर तंग. उशीर झाला म्हणून पुटपुटत त्या पायरीवर बसल्या, झंपराचं टोक उचललं आणि आपल्या स्वतःच्या पोटात सुई घातली. ओठ हलवत दहा मोजले, सुई काढली, वर पाहिलं. "या. तुम्ही मापवाली आजी ना? बोलताना टाचण्या वाजत होत्या तुमच्या."

"तुम्हालाही आहे?" मापवालीने विचारलं.

"सहाव्या वर्षापासून. ठिपकीचीच वारसदार मी. नाही, ती माझी." त्या पुन्हा हसल्या. "बसा, पाणी देऊ?"

मापवाली बसली नाही. ती बाईंच्या पांढऱ्या केसांकडे बघत होती, जाड झालेल्या मनगटांकडे, गळ्यावरच्या दोन वळ्यांकडे. माप घेत होती. खांदा इतका, छाती इतकी, कंबर कधीच सुटलेली. धाकटी आज असती तर तिला एवढा झंपर लागला असता. एवढं कापड लागलं असतं. पन्नास वर्षांत तिने धाकटीला एका दिवसानेही मोठं केलं नव्हतं. तिच्याकडे तेवढाच एक दोन्ही बाजूंनी आत घेतलेला झगा होता.

"साखर मीच शिवली," ती म्हणाली. "झग्यांच्या दुमडीत. फोनवर खोटं बोलले."

"कळलं मला. तुरपाई बघितली. अशी तुरपाई खाऊ लपवायलाच करतात." बाईंनी ओसरीच्या कठड्याकडे हनुवटी केली, तिथे ठिपकीचा हिरवा झगा पसरला होता, दुमडीवर अजून मुंग्यांची रांग. "भिजलेला झगा उशीखाली घेऊन झोपली कार्टी. म्हणे दुकानाचा वास येतो त्याला."

मापवालीने कठडा धरला. मग तिने विचारलं. दुकानात माप विचारावं तसं, कोरडं, झग्याकडे बघत. "एक सांगा. समजा, या आजाराच्या पोराला औषधच मिळालं नाही. कुणाला कळलंच नाही. आणि घरच्यांनी पाणीही बंद केलं. तर ते पाण्यावाचून गेलं म्हणायचं का?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. कोण, कधी, काही विचारलं नाही. "औषध नाही मिळालं तर पाण्याने वाचत नाही हो कुणी. दिलं असतं तरी गेलंच असतं. चार दिवस मागेपुढे."

"म्हणजे फरक काहीच नाही."

"फरक," बाई म्हणाल्या. "कळायच्या आधी मी आमच्या घरातल्या फुलदाणीतलं पाणी प्यायले होते. हिरवं झालेलं. त्या तहानेला दुसरी उपमा नाही. खोटं कशाला बोलू? दिलं असतं तर तहान भागली असती. तेवढीच. तेवढाच फरक."

मापवालीने मान हलवली. तिला बरं वाटलं नाही. बरं वाटायला ती आलीही नव्हती. पण आयुष्यभर दोन बोटं चुकलेलं एक माप कुणीतरी बरोबर सांगितलं होतं. तेवढंच. ना जास्त, ना कमी.

ओसरीवर पोरं दोन रांगांत मांडी घालून बसली. प्रत्येकाच्या पुढ्यात सिरिंज. चार दिवस झाले, बाई हळूच सांगत होत्या, सगळी पोरं स्वतः घेतात, एकटी तुमची नात अजून घेत नाही, मीच देते तिला. रात्री उशीत तोंड घालून म्हणाली, आजीशिवाय जमत नाही. आज सकाळी टेकडीवर आपणहून म्हणाली, दुपारची मी घेते. "तुम्ही आज आलात," बाई म्हणाल्या, आणि वाक्य तसंच उघडं ठेवलं, काठ न शिवता.

तेवढ्यात ठिपकीने पाहिलं. "आजी!" ती उठून धावली नाही, तिच्या हातात भरलेली सिरिंज होती. तिचे डोळे आजीवरून पिशवीवर गेले. "मला न्यायला आलीस?"

चाळीस पोरं वळून बघू लागली. पिशवी मापवालीच्या हातात एकाएकी दगडासारखी झाली. घरी चल म्हटलं असतं तर पोर आली असती. उड्या मारत आली असती, आणि संध्याकाळी दुकानात पडदा ओढला गेला असता.

"झगे न्यायला आले," ती म्हणाली. "दुमडी उसवायच्यात. मुंग्यांचं दुकान मांडलंस इथे."

पोरं हसली. ठिपकीही हसली, पण अर्धवट. तिने सिरिंज पुढे धरली, आजीच्या दिशेने. "मग आजी, आजच्या दिवस तू दे ना. एकदाच."

मापवालीचा उजवा हात निघाला. तिने तो पाठवला नव्हता, तो आपला आपणच निघाला, तीन वर्षांच्या सवयीने, अंगठा आणि दोन बोटं आधीच जुळलेली. हलका हात. उपकारी हात. किल्लीसुद्धा याच हाताने फिरायची. तिने तो तसाच वळवला आणि कठड्यावरच्या हिरव्या झग्यात खुपसला, चिकट दुमडीत, मनगटापर्यंत.

"बघ, हाताला मुंग्या लागल्या माझ्या," ती म्हणाली. "तूच घे."

 शेजारच्या दातपडक्या पोराने ठिपकीला कोपराने ढोसलं. "घे गं, भूक लागलीये सगळ्यांना. आम्ही मोजतो." ठिपकीने झगा वर केला. पोटाची चिमूट धरली, सोडली, पुन्हा धरली.  मापवालीला इथूनही दिसत होतं की सुई जरा तिरकी जाणार, ठिपका पडणार, निळा होणार. मुंग्या मनगटावरून वर चढत होत्या, एक चावली, दुसरी चावली. तिने हात काढला नाही.

सुई गेली.

"एक!" पोरं ओरडली, सगळी मिळून. "दोन!" बाई मोजत होत्या. ठिपकी डोळे मिटून मोजत होती. "तीन!" आणि मापवालीची मोजणी तिथे अडली, कुलूप पडावं तशी, पेल्यापाशी अडायची तिथेच.

"चार," ती म्हणाली.